हायड्रॉलिक प्रेस आणि पॉवरपॅक : पार्ट निवडताना आणि सांभाळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, शिरोली, सातपूर, वाळूज, कुठलीही एमआयडीसी घ्या. एकदोन प्रेस, एखादा पॉवरपॅक (मोटर, पंप, टाकी आणि व्हॉल्व्ह यांचा एकत्र संच) आणि सगळं सांभाळणारा एकच फिटर, अशी शेकडो वर्कशॉप आहेत. हे पान त्यांच्यासाठी आहे. मोठ्या कारखान्यात हायड्रॉलिकचा वेगळा विभाग असतो. इथे मात्र मशीन बंद पडलं की मालक आणि फिटर दोघे मिळून अंदाज बांधतात आणि पहिला पार्ट बदलतात तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. पार्टवर पैसे घालण्याआधी गेज आणि थर्मामीटर काय सांगतात ते पाहिलं, तर यातला बराच खर्च वाचतो.

शंभर टनी प्रेस बनवायचा आहे. सुरुवात पंपापासून करू की सिलिंडरपासून?

सिलिंडरपासून. त्याच्याही आधी जॉबपासून : किती टन हवेत, रॅम (जॉब दाबणारा दांडा) किती वेगाने खाली यायला हवा, दाबताना किती वेग पुरेल आणि दाबून किती वेळ धरायचं आहे.

२५० मिमी बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं) क्षेत्रफळ साधारण ४९१ चौरस सेंमी भरतं. २०० बारला (बार हे प्रेशरचं माप) त्यातून बरोबर शंभर टनांच्या आसपास जोर मिळतो. आता वेग. १५ लिटर प्रति मिनिटचा पंप लावला तर रॅम सेकंदाला ५ मिमी चालेल. दाबायला ते ठीक आहे. मोटरचा हिशेब सोपा आहे : बार गुणिले लिटर प्रति मिनिट, भागिले ६००. म्हणजे ५ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सहाच्या जवळ जातं, तेव्हा ७.५ किलोवॅटची, म्हणजे १० एचपीची मोटर घ्यायची.

अडचण पुढे आहे. ३०० मिमी मोकळा स्ट्रोक ५ मिमीच्या वेगाने यायला एक मिनिट लागतं आणि ऑपरेटर वैतागतो. मग कोणीतरी सुचवतं, मोठा पंप टाका. सेकंदाला ६० मिमी वेग हवा असेल तर १७७ लिटर प्रति मिनिट लागतात. तेवढं ऑइल २०० बारला ढकलायचं तर नुसत्या हिशेबाने ५९ किलोवॅट होतात. मोकळा रॅम खाली आणायला एवढी वीज कशासाठी? म्हणून प्रेसला वर टाकी आणि प्रीफिल व्हॉल्व्ह देतात. रॅम स्वतःच्या वजनाने खाली येतो, वरच्या टाकीतलं ऑइल सिलिंडर भरतं आणि पंप फक्त शेवटचं दाबायचं काम करतो. लहान प्रेसला हाय-लो पंप पुरतो : मोठा पंप कमी प्रेशरला धावतो, जॉबला टेकल्यावर तो अनलोड होतो (ऑइल बिनप्रेशर टाकीत सोडतो) आणि छोटा पंप जोर लावतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. आपल्या २५० मिमीच्या सिलिंडरला १८० मिमीचा रॉड असेल तर रॉडच्या बाजूचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी राहतं. रॅम वर घेताना पंप १५ लिटर देतो, पण बोअरच्या बाजूने परत येतात ३१ लिटर. डायरेक्शनल व्हॉल्व्ह (ऑइल कोणत्या बाजूला जायचं ते ठरवणारा) आणि रिटर्न फिल्टर (टाकीत परतणारं ऑइल गाळणारा) या ३१ वर निवडायचे, पंपाच्या १५ वर नाहीत.

गिअर, व्हेन की पिस्टन पंप?

रोज दोन-चार तास चालणारा साधा प्रेस असेल तर गिअर पंप. स्वस्त, दणकट, थोडी घाण सहन करणारा, आणि चांगल्या बनावटीचा २०० ते २५० बार आरामात देतो. व्हेन पंपाचा आवाज कमी, पण घाण आणि पातळ ऑइल त्याला सोसत नाही. २५० बारच्या वर सतत काम असेल किंवा प्रेशर धरून ठेवताना पंपाने आपोआप डिलिव्हरी कमी करावी असं हवं असेल तर पिस्टन पंपाला पर्याय नाही. मात्र स्वच्छ ऑइलची सोय आधी करा, पंप नंतर घ्या. पिस्टन पंप बसवल्यावर पहिलं बटण दाबण्याआधी त्याची केसिंग ड्रेन पोर्टमधून ऑइलने भरायची असते. ते विसरलात तर नवा पंप सुरुवातीलाच कोरडा घासतो.

प्रेशर येत नाही. रिलीफ व्हॉल्व्ह आवळू का?

नाही. रिलीफ म्हणजे प्रेशर ठरल्यापेक्षा वाढलं की ऑइल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह. आधी गेज बघा, पाना नंतर.

पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. पुढे अडथळा मिळाला की प्रेशर चढतं. प्रेशर येत नाही याचा अर्थ ऑइलला कुठेतरी सोपी वाट सापडली आहे, आणि ती वाट शोधणं हेच काम आहे. रिलीफच्या पुढची लाइन प्लग करा. रिलीफच्या आधीची कधीही नाही, तिथे पंप आणि पाइप फुटण्याचा धोका आहे. आता पंप चालू करून गेज पाहा. प्रेशर पूर्ण आलं तर पंप आणि रिलीफ दोन्ही निर्दोष आहेत, दोष पुढे व्हॉल्व्हमध्ये किंवा सिलिंडरमध्ये आहे. आलं नाही तर रिलीफ उघडा. पॉपेटच्या (सीट बंद करणाऱ्या दट्ट्याच्या) टोकावर आणि सीटवर भिंगातून नजर टाका. बहुतेक वेळा सीटवर केसासारखी बारीक चर दिसते किंवा धातूचा एखादा कण अडकलेला असतो. तेवढ्यावरच शंभर टनी प्रेस चाळीस टनांवर येतो. रिलीफ स्वच्छ असेल तरच संशय पंपावर घ्यायचा.

रिलीफ साधारणपणे कामाच्या प्रेशरपेक्षा दहा टक्के वर लावतात. काम २०० बारला असेल तर २२० च्या आसपास. एकदा सेट केल्यावर लॉकनट आवळा आणि आकडा मशीनवर पेंटने लिहा. रिलीफ आवळत आवळत २८० वर नेलेले प्रेस मी पाहिले आहेत. तिथे पुढे होज फुटतात, सिलिंडरचे सील कापले जातात, फ्रेमच्या वेल्डला तडे जातात आणि मूळ गळती तशीच राहते.

पंप गेला. नवा बसवण्याआधी काय पाहू?

जुना पंप उघडा आणि नीट वाचा. तो काय झालं ते सांगतो, पण त्याच दिवशी भंगारात गेला तर ती माहिती गेली.

गिअर पंपाच्या बॉडीत सक्शनच्या (ऑइल ओढून घेणाऱ्या) बाजूला दातांनी घासलेली चंद्रकोर दिसते. हलकी असेल, नखाला जेमतेम लागेल एवढी, तर ते नेहमीचं आहे. प्रेशर दातांना सक्शनकडे ढकलतं, त्यामुळे ती पडतेच. खोल गेली असेल तर पंपाने त्याच्या ताकदीपेक्षा जास्त प्रेशर भोगलं. साइड प्लेटवर गोल गोल चकचकीत ओरखडे असतील तर ऑइलमध्ये घाण होती. पृष्ठभाग खरवडल्यासारखा, बारीक खड्ड्यांचा आणि मंद दिसत असेल तर पंपाला सक्शन मिळत नव्हतं. निळसर, करपलेला रंग आला असेल तर ऑइल तरी गरम होतं किंवा पंप कोरडा फिरला. शाफ्टच्या सीलजवळच झीज जास्त असेल तर कपलिंगची अलाइनमेंट तपासा. मोटर आणि पंप जोडणाऱ्या लवजॉय कपलिंगचा रबरी स्पायडर भुग्यासारखा झालेला दिसेल.

कारण कळल्यावरही थेट नवा पंप बसवायचा नाही. जुन्या पंपाचा भुगा टाकीत, लाइनमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये पोहोचलेला असतो. टाकी रिकामी करून आतून पुसा. कॉटन वेस्टने नव्हे, धागे न सुटणाऱ्या कापडाने. फिल्टर बदला, लाइन फ्लश करा, रिलीफ पुन्हा तपासा. हे टाळलं तर दुसरा पंप पहिल्याच कारणाने जातो आणि दोष मात्र पंप विकणाऱ्याला लागतो.

पंप ओरडतो. हवा घेतोय की ऑइल कमी पडतंय?

दोन वेगळे आजार आहेत आणि इलाजही वेगळे.

पंपाला पुरेसं ऑइल मिळत नसेल तर सक्शनमध्ये पोकळी तयार होते. वाफेचे बुडबुडे प्रेशरच्या बाजूला येऊन फुटतात आणि धातूचा कणन् कण उडवतात. आवाज सतत आणि तीव्र, खडे दळल्यासारखा. कारणं : चोक झालेला सक्शन स्ट्रेनर, बारीक किंवा लांब सक्शन पाइप, सकाळचं थंड घट्ट ऑइल, बुजलेला ब्रीदर (टाकीत हवा घेणारी टोपी). सक्शनमध्ये ऑइलचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवावा, म्हणजेच सक्शन पाइप डिलिव्हरीपेक्षा बराच जाड असावा. कित्येक पॉवरपॅकमध्ये दोन्ही पाइप एकाच साइजचे दिसतात. तिथेच चूक आहे.

हवा आत येत असेल तर आवाज फुटका, थांबून थांबून येतो, टाकीत फेस दिसतो, रॅम धक्के देत चालतो. पंप चालू असताना सक्शनच्या प्रत्येक जॉइंटवर थोडं ऑइल सोडा. ज्या जॉइंटवर आवाज क्षणभर बदलतो तिथून हवा येते. शाफ्ट सीलही विसरू नका. ऑइलची पातळी कमी असेल किंवा रिटर्न पाइप पातळीच्या वर सुटत असेल तरी फेस होतो.

टाकीच्या आकाराचा प्रश्न इथेच येतो. कारखान्यातल्या पॉवरपॅकला पंपाच्या एका मिनिटाच्या डिलिव्हरीच्या तिप्पट ते पाचपट टाकी हवी. १५ लिटरच्या पंपाला ४५ ते ७५ लिटर. सक्शन आणि रिटर्न यांच्यामध्ये बॅफल प्लेट (आडोशाचा पत्रा) हवी. ऑइलला टाकीत थांबायला वेळ मिळाला की हवा वर निघते, घाण खाली बसते आणि उष्णता पत्र्यातून जाते.

ऑइल ४६ घालू की ६८?

हा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला ऑइलची सेंटिस्टोकमधली घट्टता. पंपाला चालताना साधारण १६ ते ३६ सेंटिस्टोक मानवतात. ६८ नंबरचं ऑइल ६० अंशांना २८ ते ३० च्या आसपास येतं, ४६ नंबरचं २० च्या जवळ. म्हणून उत्तर तुमच्या मशीनच्या ऑइलच्या तापमानात आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दिवसभर चालणारा प्रेस असेल तर ६८. एसी खोलीतलं सीएनसी असेल तर ४६, किंवा मशीनच्या प्लेटवर लिहिलं असेल ते. प्लेटवरचं वाक्य माझ्या उत्तरापेक्षा मोठं समजा.

तापमान ५० ते ६० अंशांत ठेवा. ८० च्या वर सील कडक होऊ लागतात. त्यापुढे दर १० अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं असा अनुभवाचा ठोकताळा आहे. ऑइल तापतं ते बहुधा फुकट घालवलेल्या प्रेशरमुळे. १५ लिटर ऑइल २०० बारला रिलीफवरून टाकीत सांडत असेल तर ५ किलोवॅटचा हीटर टाकीत सोडल्यासारखंच आहे. जॉब दाबून धरताना पंप रिलीफवर चालू ठेवणारी मशीन म्हणूनच तापतात. आधी ती रचना सुधारा, कूलर नंतर विकत घ्या.

डाय कास्टिंगमध्ये किंवा भट्टीजवळ आगीच्या भीतीने वॉटर ग्लायकॉल वापरतात. त्यात पाण्याचं प्रमाण मोठं असतं, त्यामुळे तापमान ६० च्या खालीच ठेवावं लागतं. साधे पॉलियुरेथेन सील त्यात टिकत नाहीत आणि पंपाची प्रेशरची मर्यादाही खाली येते. मिनरल ऑइलच्या मशीनमध्ये नुसतं ऑइल बदलून ते घालायचं नाही.

बॅरलमधलं नवं ऑइल थेट टाकीत ओतलं तर बिघडतं का?

बिघडतं. नवं म्हणजे स्वच्छ असं नाही.

ऑइलची स्वच्छता आयएसओ ४४०६ या मानकाने मोजतात. त्यात तीन आकडे असतात, उदाहरणार्थ १८/१६/१३ : एका मिलिलिटरमध्ये ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती, याचे कोड. १८ म्हणजे १३०० ते २५००, १६ म्हणजे ३२० ते ६४०, १३ म्हणजे ४० ते ८०. कोड एकाने वाढला की कण दुप्पट. प्रपोर्शनल व्हॉल्व्हच्या (करंटच्या प्रमाणात कमी-जास्त उघडणाऱ्या) मशीनला साधारण १८/१६/१३ हवं असतं. बॅरलमधलं नवं ऑइल बहुतेक वेळा याहून घाण निघतं. डोळ्यांनी हे कळत नाही, कारण नजरेला ४० मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही आणि व्हॉल्व्हच्या स्पूलची (आत सरकणाऱ्या दांड्याची) फट दहाच्या आत असते.

म्हणून ऑइल फिल्टर कार्टमधून भरा. छोट्या पंपावर १० मायक्रॉनचा फिल्टर लावून घरच्या घरी कार्ट बनते. बॅरल उघड्यावर उभं ठेवू नका. पावसाचं पाणी वरच्या झाकणावर साचतं, रात्री बॅरल थंड झालं की बुचाच्या आट्यांमधून आत ओढलं जातं. आडवं ठेवा, दोन्ही बुचं ऑइलच्या पातळीखाली येतील असं.

फिल्टर घेताना नुसतं "१० मायक्रॉन" विचारू नका, बीटा विचारा. बीटा २ म्हणजे त्या साइजचे निम्मे कण पुढे जातात. बीटा २०० म्हणजे दोनशेतला एक जातो. दोघांवर लेबल १० मायक्रॉनचंच असतं. आणि सक्शनमधला १०० मेशचा स्ट्रेनर म्हणजे १४९ मायक्रॉन, तो नटबोल्ट अडवतो, घाण नाही. माझं ठाम मत आहे की पैसे मोजकेच असतील तर ते महाग पंपावर न घालता चांगल्या रिटर्न फिल्टरवर आणि ब्रीदरवर घालावेत. फिल्टरला चोक झाल्याचं दाखवणारा इंडिकेटर हवाच. नाहीतर बायपास उघडून ऑइल महिनोन् महिने न गाळता फिरतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

ऑइल किती महिन्यांनी बदलायचं?

कॅलेंडर बघून नाही, ऑइल बघून. वर्षातून एकदोनदा लॅबमध्ये नमुना द्या : घट्टता, पाणी, आम्लता, कण. नमुना मशीन चालू असताना रिटर्न लाइनमधून घ्यायचा, टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून नाही.

लॅब जवळ नसेल तर स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरा. दुधाळ दिसलं तर पाणी किंवा हवा आहे. काही तासांनी निवळलं तर ती हवा होती, तसंच दुधाळ राहिलं तर पाणी. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हा त्रास नेहमीचा. रॅम खाली-वर होताना टाकी श्वास घेते आणि दमट हवा आत येते. तिथे साध्या जाळीच्या टोपीऐवजी सिलिका जेलचा ब्रीदर लावा. दाण्यांचा रंग बदलला की बदला.

सॉलेनॉइडची कॉइल सारखी जळते. कॉइलच खराब येतात का?

क्वचित. सॉलेनॉइड म्हणजे कॉइलच्या चुंबकाने स्पूल सरकवणारा भाग. एसी कॉइल असेल तर स्पूल अडकणं हे पहिलं कारण. एसी कॉइल खेचताना खूप करंट घेते आणि प्लंजर (चुंबकाने खेचला जाणारा दट्ट्या) पूर्ण बसल्यावरच तो उतरतो. स्पूल घाणीने अडकला तर प्लंजर अर्ध्यात राहतो, करंट उतरत नाही, कॉइल जळते. २४ व्होल्ट डीसी कॉइलला हा त्रास नाही. शक्य असेल तिथे नव्या मशीनला डीसीच घ्या.

तपासायची रीत : मशीन सुरक्षित करून व्हॉल्व्हच्या टोकाची मॅन्युअल पिन दाबा. ती अडखळत असेल तर दोष स्पूलमध्ये आहे. व्हॉल्व्हचे चार बोल्ट वेडेवाकडे किंवा जास्त आवळले तरी बॉडी वाकून स्पूल धरला जातो. सीटोप ३ च्या (माउंटिंगचा एक ठरलेला साइज) व्हॉल्व्हला एम५ चे बोल्ट असतात, त्यांना मोठा पाना नको. या व्हॉल्व्हच्या माउंटिंगची भोकं आयएसओ ४४०१ प्रमाणे ठरलेली आहेत, त्यामुळे एका कंपनीचा जाऊन दुसऱ्याचा चालतो. मात्र स्पूलचं चिन्ह जुळवा. टॅन्डम सेंटरच्या (मधल्या स्थितीत पंपाचं ऑइल टाकीला सोडणाऱ्या) जागी क्लोज्ड सेंटर (मधल्या स्थितीत सगळे पोर्ट बंद ठेवणारा) बसवलात तर पंप दिवसभर रिलीफवर ओरडेल.

सगळे सील बदलले, तरी उभा रॅम खाली सरकतो. का?

कारण गळती सिलिंडरमध्ये नसावी. स्पूल व्हॉल्व्ह लोड धरायला बनलेलाच नाही. स्पूल आणि बॉडीमध्ये फट असते, त्यातून ऑइल झिरपणारच. उभा लोड धरायला पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह (पायलट लाइनमधून प्रेशर मिळालं तरच ऑइल परत सोडणारा) किंवा काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (ठरावीक प्रेशरशिवाय लोड खाली न सोडणारा) लागतो.

चेक व्हॉल्व्ह असूनही सरकत असेल तर डायरेक्शनल व्हॉल्व्हचं सेंटर पाहा. मधल्या स्थितीत ए आणि बी (सिलिंडरकडे जाणारे) दोन्ही पोर्ट टाकीला मोकळे असायला हवेत. ते बंद असतील तर पायलट लाइनमध्ये प्रेशर अडकून राहतं आणि चेक पूर्ण बसत नाही. लोड स्वतःच्या वजनाने धावत खाली येत असेल तर चेक व्हॉल्व्ह धडधडतो. तिथे काउंटरबॅलन्सच हवा.

सिलिंडरची परीक्षा अशी : रॅम पूर्ण बाहेर काढून टोकाला टेकवा, लोड जॅकवर किंवा ठोकळ्यावर घ्या, प्रेशर शून्य करा. मग रॉडच्या बाजूची होज सोडून पोर्टखाली भांडं ठेवा आणि बोअरच्या बाजूने हळूहळू प्रेशर द्या. पोर्टपासून सगळ्यांनी दूर उभं राहायचं. धार लागली तर पिस्टन सील गेला. थेंब थेंब असेल तर सिलिंडरला सोडा, व्हॉल्व्हकडे वळा.

सील किट मागताना कोणतं मागू?

तापमान आणि ऑइल सांगून मागा. मिनरल ऑइल आणि साधं तापमान असेल तर नायट्रिल किंवा पॉलियुरेथेन. पॉलियुरेथेन झीज छान सोसतं, पण गरम पाण्याने कुजतं. भट्टीजवळ वायटन. आणि नवा सील खरवडलेल्या रॉडवर बसवू नका. रॉडवर नख फिरवा, कुठे अडकलं तर हार्ड क्रोम उडालाय. आधी रॉड दुरुस्त करा. सील बसवताना स्क्रूड्रायव्हर वापरल्याने जेवढे सील कापले जातात तेवढे वापरात क्वचितच जातात.

होज निवडताना फक्त साइज पुरेसा आहे का?

नाही. होज जाड झाली की तिची ताकद घटते. दोन वायरची (आत पोलादी तारेचे दोन थर असलेली), ईएन ८५३ २एसएन या मानकाची अर्धा इंची होज २७५ बारला चालते, तीच एक इंची फक्त १६५ बारला. "दोन वायरची आहे, चालेल" म्हणून २०० बारच्या लाइनला एक इंची २एसएन लावणं धोक्याचं आहे. तिथे चार वायरची घ्या.

होज प्रेशरखाली थोडी आखडते किंवा लांबते, म्हणून ताणून बसवू नका. पीळ पडू देऊ नका. होजवर छापलेली रेघ सरळ राहते का तेवढं पाहिलं की कळतं. अर्धा इंची २एसएनला १८० मिमीपेक्षा लहान वळण नको. जर्मन मानकात होजचं आयुष्य सहा वर्षं धरतात, त्यात साठवणीची जास्तीत जास्त दोन वर्षं आली. बनल्याची तारीख होजवर छापलेली असते. दुकानात ती वाचूनच घ्या.

आट्यांबाबत एक सावधगिरी. अर्धा आणि पाऊण इंचाला बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) दोन्हीत इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे एकात दुसरं सुरुवातीला छान फिरतं. पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. आवळून गळती थांबवायला गेलात तर पोर्ट फुटतो. बीएसपी पॅरलल पोर्टला डाउटी वॉशर (आतून रबर चिकटवलेला धातूचा वॉशर) लावा. टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटून थेट व्हॉल्व्हमध्ये जातात, ती टेप हायड्रॉलिकच्या कपाटात ठेवूच नका.

होजमधून बारीक फवारा येतोय. बोट लावून जागा शोधली तर?

कधीही नाही. सुईएवढ्या भोकातून निघालेलं ऑइल हातमोज्यासकट कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस फडकं बांधून कामाला लागतो. काही तासांनी बोट सुजतं, काळं पडतं. उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो.

असं झालं की त्या क्षणी मोठ्या हॉस्पिटलला न्या, जिथे हाताची शस्त्रक्रिया होते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा : हाय प्रेशर ऑइल कातडीत शिरलंय, इतक्या बारचं, या नावाचं ऑइल. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी परत येऊ नका. ही ताबडतोब शस्त्रक्रिया लागणारी इजा आहे. शॉपमधल्या प्रत्येक हेल्परला हे माहीत हवं. गळती शोधायची तर लांब काठीला पुठ्ठा लावून फिरवा, डोळ्यांवर गॉगल असू द्या. जॉइंट उघडण्याआधी मोटर बंद करून लॉक करा, लोड खाली टेकवा, व्हॉल्व्ह दोन्हीकडे हलवून अडकलेलं प्रेशर सोडा आणि गेज शून्यावर आल्याची खात्री करा.

ॲक्युम्युलेटरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरली तर चालते का?

मुळीच नाही, आणि ऑक्सिजन तर नाहीच. ॲक्युम्युलेटर म्हणजे गॅसच्या जोरावर ऑइल प्रेशरखाली साठवणारी बाटली. प्रेशरखाली ऑइल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. फक्त कोरडा नायट्रोजन. ऊर्जा साठवायची असेल तर प्रीचार्ज (आधी भरून ठेवलेल्या गॅसचं प्रेशर) कामाच्या किमान प्रेशरच्या ९० टक्के : किमान १२० बार असेल तर १०८. तो ऑइलच्या बाजूचं प्रेशर शून्य करूनच तपासायचा. मोटर बंद असली तरी ॲक्युम्युलेटर भरलेला राहतो, म्हणून त्याला ब्लीड व्हॉल्व्ह आणि त्यावर ठळक पाटी हवी.

साखर कारखान्यात हंगाम संपल्यावर हायड्रॉलिकचं काय करायचं?

गाळप संपलं की मिलच्या टॉप रोलरचं हायड्रॉलिक लोडिंग आणि उसाचा टिपलर (गाडी कलंडवून ऊस खाली करणारं यंत्र) महिनोन् महिने उभे राहतात. त्या काळात नुकसान गंजाने होतं. शक्य तिथे रॉड पूर्ण आत घेऊन ठेवा. बाहेर राहणाऱ्या रॉडला ग्रीस लावून कागद गुंडाळा, कारण उसाचा रस आणि बगॅस क्रोमला चिकटून राहिले तर त्याखाली खड्डे पडतात. टाकीच्या तळाचं पाणी ड्रेन करा, टाकी पातळीपर्यंत भरलेली ठेवा म्हणजे आतल्या पत्र्यावर दव धरणार नाही. जमेल तसं महिन्यातून एकदा पंप बिनलोडचा काही मिनिटं फिरवा. ॲक्युम्युलेटरचा नायट्रोजन हंगामाच्या आधी तपासा, बॉयलर पेटल्यावर नाही.

कपाटात कोणते स्पेअर ठेवू?

जे गेल्यावर मशीन थांबतं आणि जे त्याच दिवशी मिळत नाही ते. रिटर्न फिल्टरचे दोन एलिमेंट, सिलिंडरचं पूर्ण सील किट, प्रत्येक व्होल्टेजची एक कॉइल, स्पायडर, एक रिलीफ कार्ट्रिज, वेगवेगळ्या साइजचे डाउटी वॉशर, सीटोप ३ व्हॉल्व्हच्या खालचे ९.२५ गुणिले १.७८ चे ओ-रिंग, सीटोप ५ चे १२.४२ गुणिले १.७८ चे, आणि चालू प्रेशर मधोमध दाखवणारं एक चांगलं ग्लिसरीन गेज. सील आणि होज उन्हात किंवा वेल्डिंगजवळ ठेवू नका, रबर तडकतं. पाकिटावर मशीनचं नाव आणि खरेदीची तारीख लिहा. पंप ठेवायचा असेल तर आत ऑइल घालून पोर्टच्या टोप्या लावून ठेवा आणि शाफ्टच्या फिरण्याची दिशा खडूने लिहून ठेवा. घाईच्या रात्री उलट्या दिशेचा पंप बसला की पहिल्याच फेरीत शाफ्टचं सील बाहेर येतं.